बोअरचं पाणी, जारचं पाणी

कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे मुखेडच्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. मुका मार लागला की आई हळद-चुन्याचा लेप लावते, तोही लालच. रोजचंच म्हणून कुणी विचारत नाही. या उन्हाळ्यात माहेरी गेले, तेव्हा भावाच्या दोन्ही मुलांना घेऊन ओट्यापाशी बसले आणि म्हटलं, हा लाल रंग येतो कुठून ते बघू.

हळद पाण्यात कालवली, वहीच्या कोऱ्या पानांना फासली आणि वाळल्यावर बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला तिथे विटकरी ठिपका उठला. खायच्या सोड्याचा त्याहून फिका. चुना पाण्यात ढवळून खाली बसू दिला आणि वरची निवळी मीच चमच्याने घातली. डोळ्यात गेला तर चुना फार वाईट, तो मुलांच्या हाती द्यायचा नाही. हा ठिपका चांगला तांबडा झाला. मग त्याच तांबड्यावर लिंबू पिळायला सांगितलं. थेंब पसरला तसा मधला भाग पिवळा होत गेला, कडेला तांबडी रेघ तेवढी उरली.

"आत्या, परत आलं!" धाकटा ओरडला. माझ्या मते सगळा प्रयोग या दोन शब्दांत आहे. हळदीतलं कर्क्युमिन कुठे गेलेलं नसतं. खारापाशी त्याचं रूप पालटतं आणि आंबट भेटलं की पहिल्यासारखं होतं.

कोऱ्या पिवळ्या पट्टीवर मात्र लिंबू टाका, चिंच टाका, ती ढिम्म हलत नाही. आंबट ओळखायला जास्वंद लागते. म्हणून अंगणातली सहा फुलं तोडून पाकळ्या पातेल्यात उकळल्या. पाणी जांभळट गुलाबी व्हायला हवं होतं. झालं करडं निळसर, त्यात हिरवट झाक. फुलं शिळी असतील म्हणून ताजी तोडली, पुन्हा उकळली. पुन्हा तेच.

आई भाकरी थापत होती. न वळताच म्हणाली, "बोअरचं घेतलंस ना? त्या पाण्यात डाळ शिजत नाही गं."

तेव्हा उजेड पडला. इकडचा खडक काळा, बेसाल्टचा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. उकळताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पातेल्याला पांढरा थर धरतो आणि पाणी आणखी आम्लारी होतं. जास्वंदीने तेच दाखवलं होतं. आम्ही तिला पाणी दिलं म्हणतोय, आणि ती त्या पाण्याचीच परीक्षा करून बसली होती.

मग प्यायच्या जारमधलं पाणी घेतलं, पाकळ्या तेवढ्याच. या वेळी जांभळट गुलाबी अर्क उतरला. दोन्ही अर्क अर्धी अर्धी वाटी काढून शेजारी ठेवले आणि धुतलेल्या औषधाच्या ड्रॉपरने लिंबाचा रस टाकायला लागलो. थोरली मोजत होती. जारचं पाणी एका थेंबात लख्ख गुलाबी. बोअरच्या पाण्यात पहिला थेंब पडला तिथे गुलाबी ढग उमटला आणि ढवळताच विरला. दुसरा, तिसरा, तसंच. पाचव्याला निळसरपणा गेला. सातव्याला रंग टिकला. सात हा आकडा तिने वहीत लिहून त्याभोवती गोल केला. प्रयोगशाळेत ब्युरेट लावून करतात ते अनुमापन याहून वेगळं नसतं, फक्त तिथे रसाची तीव्रता आधी ठाऊक असते. रॉबर्ट बॉइलने 1664 च्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या पाकाने आम्ल आणि आम्लारी असेच ओळखून दाखवले. त्या फुलात आणि जास्वंदीत रंगद्रव्य एकाच कुळातलं, अँथोसायनिन.

थोरलीने विचारलं, "आजीला कसं कळलं?" आईने तवा उतरवला आणि नव्या सुनेच्या दिवसांत तुरीची डाळ दोन दोन तास शिजत नसे, ते सांगायला बसली. मुलं वही उघडी ठेवून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी हापशाचं पाणी आलं, शेतातल्या विहिरीचं आलं. हापशाला नऊ थेंब, विहिरीला पाच. वहीत एक ओळ रिकामी ठेवली आहे, पावसाच्या पाण्यासाठी. मृग लागला की पत्र्याच्या पन्हाळीखाली पातेलं ठेवायचं काम धाकट्याकडे आहे.