खोली मिळेल, पण कोणाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समता नियमावलीवरून जानेवारीत जो गदारोळ झाला, तो जवळजवळ सगळा एका व्याख्येवरून. जातिभेदाची तक्रार कोणी करायची आणि कोणाविरुद्ध, एवढेच वाहिन्यांना दिसले. १३ जानेवारी २०२६ ला नियम अधिसूचित झाले, २९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, २०१२चे जुने नियम पुन्हा लागू झाले. या धुमाळीत दोन गोष्टी वाचायच्या राहून गेल्या. भेदभावाच्या कारणांमध्ये धर्म-जातीबरोबर वंश आणि जन्मस्थान यांचाही उल्लेख होता. आणि महाविद्यालयातल्या समान संधी केंद्राने स्वयंसेवी संस्था, पोलिस, जिल्हा प्रशासन अशा बाहेरच्या मंडळींना बरोबर घेऊन काम करावे, असे त्यात लिहिले होते.

पुण्यापुरते बोलायचे तर मला ही दुसरी तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते. मणिपूरच्या, सुदानच्या किंवा सोपोरच्या मुलाला इथे पहिला नकार वर्गात मिळत नाही. तो मिळतो एजंटच्या स्कूटरवर मागे बसून चौथा फ्लॅट बघताना. मालक फोनवर ‘हो’ म्हणालेला असतो, चेहरा बघितल्यावर त्याला अचानक आठवते की जागा फॅमिलीलाच द्यायची आहे. तिथून निभावले तर सोसायटीचे सेक्रेटरी, मग जिन्यात येणारा स्वयंपाकाचा वास. भेदभावविरोधी अधिकारी जुन्या नियमांतही आहे. पण त्याची हद्द महाविद्यालयाच्या फाटकाशी संपते.

शहराला हे एके काळी कळले होते. १९७०च्या आसपासची गोष्ट. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे, वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगा मुलींच्या वसतिगृहाच्या खिडकीशी वरचेवर येतो, आतून एक हात त्याला काहीतरी देतो, हे त्यांच्या नजरेस आले. रेक्टरला जी शंका यावी तीच त्यांना आली. चौकशीत निघाले ते असे : मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, खिडकीतली मुलगीही मॉरिशसचीच, आणि ती त्याला जेवण देत होती. सार्वजनिक कामांच्या आणि व्याख्यानमालांच्या या शहरात त्या आजारी पोराला पथ्याचे चार घास देणारे दुसरे कोणी नव्हते. त्या अस्वस्थतेतून २६ जानेवारी १९७१ ला परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक सांस्कृतिक केंद्र उभे राहिले, नाव सिंबायोसिस. विधी महाविद्यालय १९७७ मध्ये आले, व्यवस्थापन त्यानंतरच्या वर्षी, अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००२ मध्ये. म्हणजे आधी परक्या मुलांचा मेळ आणि मग पदव्या. आज तिथले शुल्क ऐकून हा क्रम कोणाला खरा वाटणार नाही. संस्था मोठी झाली याचा आनंद आहेच. पण परदेशी विद्यार्थ्याशी ओळख करून घेण्याचे काम शहराने तिच्यावर सोपवून टाकले आणि स्वतःकडे ठेवले ते फक्त भाडे.

त्याआधीचे उदाहरण तर विसरल्यातच जमा आहे. येरवड्यात पुणे करार झाला त्याच १९३२ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. साताऱ्याला १९२४ पासून चालू असलेल्या बोर्डिंगचाच तो धडा होता : सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र रांधायचे आणि एका पंगतीत बसायचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी समाजासमाजाची वेगळी वसतिगृहे काढून मुलांना शहराचा दरवाजा उघडून दिला होता. भाऊरावांनी आतल्या भिंती काढल्या. आणि पैसा? गावोगावच्या बायका दळणातले मूठभर धान्य बाजूला ठेवत, तो मुष्टिफंड. सामाजिक भागीदारी म्हणून हल्ली जिची सादरीकरणे होतात, ती बहुधा हीच असावी.

अलीकडच्यांत ‘सरहद’चे नाव घ्यावेच लागते. दहशतवादाची झळ लागलेली काश्मिरी मुले संजय नहार आणि सहकाऱ्यांनी पुण्यात आणून शिकवली. गेल्या वर्षी दिल्लीतले ९८वे मराठी साहित्य संमेलन याच संस्थेने भरवले आणि काश्मीरच्या शमीमा अख्तर यांनी तिथे महाराष्ट्रगीत गायले तेव्हा आपण सगळे गहिवरलो. गहिवर खोटा नव्हता. तरी एक विचारतो : इतकी वर्षे ही मुले शेजारी राहून काश्मिरीतली दोन वाक्ये किती पुणेकरांना आली? बाहेरचा माणूस आपल्यासारखा झाला की आपण त्याचे कौतुक करतो. तो आपल्यासारखा होत नाही तोवर काय, याचे उत्तर ऑगस्ट २०१२ मध्ये मिळाले. ईशान्येकडच्या तरुणांना शहरात मारहाण झाली, मोबाइलवरून अफवा फिरल्या आणि पुणे स्टेशनवर परतीसाठी झुंबड उडाली. केंद्राला एकगठ्ठा एसएमएसवर १५ दिवस बंदी घालावी लागली. आता पुन्हा लागू झालेले नियम त्याच वर्षाच्या डिसेंबरमधले आहेत. भाषा आणि वांशिकता त्यांतही नमूद होत्याच. पण पळून जाणाऱ्या मुलांना थांबवायला लागतो तो ओळखीचा घरमालक, आणि त्याची सोय कोणत्याच नियमात नव्हती.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकावर बंधनकारक आहे. अर्जात मुलाचा फोटो, मूळ पत्ता, ओळखपत्र सगळे असते. मालकाची माहिती मुलाला देणारा अर्ज मात्र कोणी काढलेला नाही. विद्यापीठ, पोलिस ठाणी आणि गृहनिर्माण संस्थांचा महासंघ यांनी एकत्र बसून, बाहेरच्या मुलांना विनाअट जागा देणाऱ्या घरांची यादी करावी. त्याला ना अधिसूचना लागते, ना न्यायालयाची तारीख. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी कोथरूड, धनकवडी आणि कोंढव्यापुरती जरी ती झाली, तरी यंदाच्या मुलांच्या एजंटच्या स्कूटरवरच्या चकरा कमी होतील.