फळावरची चिठ्ठी

परदेशातून आलेले सफरचंद किंवा किवी हातात घेतले, की त्याच्या सालीवर डकवलेली एक लहानशी चिठ्ठी दृष्टीस पडते. तिच्यावर एखादे चित्र, बागेचे अथवा व्यापाऱ्याचे नाव आणि बहुधा चार अंकी एक संख्या छापलेली असते. ही संख्या पाहून दुकानातील हिशेबनीस फळाची जात ओळखतो व त्याची किंमत लावतो. ४०११ म्हणजे पिवळे केळे, हे अनेक देशांतील दुकानांत ठाऊक असते. हे अंक १९९० सालापासून वापरात आहेत. मुले ती चिठ्ठी नखाने सोलतात, कपाळावर लावतात, वहीच्या पुठ्ठ्यावर डकवतात आणि विसरून जातात. परंतु जी चिठ्ठी कोणीच सोलत नाही, तिचे पुढे काय होते? ती सालीबरोबर ओल्या कचऱ्यात जाते आणि तेथून खताच्या ढिगात. नखाएवढ्या या कपट्याला युरोपातील सत्तावीस देशांच्या एका मोठ्या कायद्यात जागा मिळाली आहे, आणि तो कायदा आता कोकणातील आंब्याच्या बागेपर्यंत येऊन पोहोचला आहे. हे कसे घडले, ते समजण्यासाठी प्रथम खताच्या ढिगात काय चालते, हे पाहिले पाहिजे.

कुजणे हा शब्द ऐकला, की आपण नाक मुरडतो. परंतु पृथ्वीवर काहीच कुजले नसते, तर आजवर गळलेल्या सर्व पानांच्या राशीखाली आपण केव्हाच गाडले गेलो असतो. पालापाचोळा, साली, देठ, शेण यांचा ओलसर ढीग घातला, की डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू आणि बुरशी त्यावर तुटून पडतात. या पदार्थांतील कर्ब हे त्यांचे अन्न. त्यातील काही भाग ते आपल्या शरीरात साठवतात व उरलेला श्वासावाटे कर्बवायूच्या रूपाने बाहेर टाकतात. या खटाटोपात इतकी उष्णता निर्माण होते, की मोठ्या ढिगाच्या पोटात हात घालणेही कठीण जाते. तेथील उष्णतामान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. ढीग अधूनमधून वरखाली केला, त्याला हवा व पाणी मिळाले, की काही महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत आणि मातीचा सुवास असलेले खत तयार होते.

ही विद्या शेतकऱ्यांना फार प्राचीन काळापासून अवगत होती. तिला शास्त्राची शिस्त लावण्याचे एक मोठे काम इंदूर येथे झाले. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तेथील वनस्पती संशोधन संस्थेत काम करीत होते. पिकांचे धसकट, तण, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून व ते ठराविक वेळी उलटून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत कसे करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर पसरले. आज युरोपातील शहरांत ओल्या कचऱ्यापासून खत करणारे मोठमोठे कारखाने आहेत. तेथे यंत्रे आहेत, पंखे आहेत, उष्णतामापक आहेत. पण काम करणारे मजूर मात्र तेच, इंदूरच्या ढिगातले.

या मजुरांना फळाची साल आवडते. चिठ्ठी मात्र त्यांना पचत नाही. ती बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची केलेली असते. प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे अणूंच्या लांबच लांब साखळ्या. जीवाणूंच्या पाचकरसांना या साखळ्यांच्या कड्या तोडता येत नाहीत. साल जाते, गर जातो, कोयही झिजू लागते. पण चिठ्ठी चित्रासह आणि अंकांसह जशीच्या तशी उरते. तयार झालेले खत चाळले, तर पिशव्या आणि बाटल्यांची झाकणे चाळणीवर राहतात. चिठ्ठी इतकी लहान व चपटी असते, की ती आडवी-उभी होऊन चाळणीतून निसटते आणि खताबरोबर शेतात जाते. नांगरटीने व उन्हाने तिचे आणखी बारीक तुकडे होतात. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या खतात असे रंगीत कपटे दिसू लागले, म्हणजे तो पुन्हा ते खत घेण्यास राजी होत नाही. मग सारी खटपट वाया जाते.

यावर उपाय सुचतो तो असा, की चिठ्ठीच कुजणाऱ्या द्रव्याची करावी. अशी द्रव्ये आहेत. दह्याला आंबटपणा ज्या आम्लामुळे येतो, त्या लॅक्टिक आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक तयार करतात. मक्याच्या पिठूळ अंशातील किंवा उसातील साखर आंबवून हे आम्ल मिळते. दिसायला हा पापुद्रा नेहमीच्या प्लॅस्टिकसारखाच स्वच्छ व पारदर्शक असतो. खताच्या तप्त ढिगात पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते, आणि लहान झालेले तुकडे जीवाणू खाऊन टाकतात. मात्र येथे एक अडचण आहे. हे घडण्यास ढिगातील उष्णता लागते. तोच पापुद्रा रस्त्याकडेला, नदीत किंवा समुद्रात पडला, तर तो दीर्घकाळ तसाच राहतो. उसापासून झाला म्हणून तो उसाच्या चिपाडाप्रमाणे कोठेही कुजेल, अशी समजूत करून घेणे चुकीचे आहे.

दुसरी फसगत याहून वाईट होती. नेहमीच्याच प्लॅस्टिकमध्ये काही रसायने मिसळून ते ऊन आणि हवा लागताच ठिसूळ होईल, असे करण्यात येई. पिशवी दिसेनाशी झाली, की ती कुजली, असे विकणारे सांगत. वस्तुतः तिचा भुगा झालेला असे व तो मातीत मिसळलेला असे. युरोपीय संघाने अशा प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास जुलै २०२१ पासून बंदी केली.

तेव्हा ‘आमची वस्तू कुजते’ असे एखाद्या कारखानदाराने सांगितले, तर त्याची सत्यता पारखावयाची कशी? त्यासाठी प्रमाणे ठरविली गेली. युरोपचे ‘ईएन १३४३२’ हे प्रमाण २००० सालचे आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेचे ‘आयएसओ १७०८८’ प्रथम २००८ साली प्रसिद्ध झाले. दोहोंचा गाभा सारखाच आहे. वस्तूला एकामागून एक अशा चार परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या मुलांच्या परीक्षांहून कितीतरी लांबलचक असतात.

पहिली परीक्षा द्रव्यांची. वस्तूत कोणते पदार्थ आहेत व विषारी धातू किती आहेत, हे मोजले जाते. युरोपच्या प्रमाणानुसार एक किलो द्रव्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम असता कामा नये. ही अट विशेषतः छपाईच्या शाईला जड जाते.

दुसरी परीक्षा सर्वांत सुंदर आहे. वस्तूचे बारीक तुकडे जुन्या, मुरलेल्या खतात मिसळून एका बंद पात्रात ठेवतात. पात्राचे उष्णतामान सुमारे ५८ अंशांवर स्थिर राखतात. आत जाणाऱ्या हवेतील कर्बवायू आधीच काढून घेतलेला असतो. त्यामुळे पात्रातून बाहेर येणारा कर्बवायू हा आतील जीवाणूंचाच श्वास असतो. शेजारी नुसत्या खताचे एक पात्र आणि सेल्युलोज मिसळलेल्या खताचे दुसरे पात्र असते. कापूस व कागद प्रामुख्याने ज्याचे बनलेले असतात, ते हे द्रव्य. तिन्ही पात्रांतील वायू मोजून तुलना केली, की जीवाणूंनी वस्तूतील किती कर्ब खाल्ला, ते कळते. सहा महिन्यांच्या आत ९० टक्के कर्बाचे कर्बवायूत रूपांतर झाले पाहिजे. वस्तू केवळ दिसेनाशी झाली आहे, की खरोखर खाल्ली गेली आहे, हे येथे उघड होते. भुगा होणाऱ्या त्या लबाड पिशव्या याच परीक्षेत नापास होतात.

तिसरी परीक्षा चाळणीची. वस्तू खऱ्याखुऱ्या ढिगात बारा आठवडे ठेवतात. नंतर तो ढीग २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीने चाळतात. मूळ कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक तुकडे चाळणीवर उरता कामा नयेत. चौथ्या परीक्षेत परीक्षक म्हणून रोपे असतात. वस्तू मिसळून केलेल्या खतात आणि साध्या खतात दोन जातींचे बी पेरतात. पहिल्या खतातील उगवण व वाढ दुसऱ्याच्या निदान ९० टक्के असावी लागते.

भारतानेही आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करणाऱ्याने विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या ‘सिपेट’ या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत होतात.

आता तो कायदा. युरोपीय संघाचा वेष्टनांविषयीचा नवा नियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला. त्यातील बहुतेक कलमे लागू होण्यासाठी १२ ऑगस्ट २०२६ हा दिवस ठरविण्यात आला. फळे व भाज्या यांवर डकवलेल्या चिठ्ठ्या आणि पाणी झिरपणाऱ्या चहाच्या पुड्या या मात्र १२ फेब्रुवारी २०२८ पासून कारखान्यातील खतात कुजणाऱ्याच असल्या पाहिजेत. फ्रान्स याच्याही पुढे गेला आहे. तेथे १ जानेवारी २०२२ पासून फळावर चिठ्ठी लावावयाची असेल, तर ती घरच्या परसातील थंड ढिगातही कुजणारी असावी लागते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की सगळीच वेष्टने कुजणारी का करू नयेत? कायद्याने तसे सांगितलेले नाही, आणि त्यामागे विचार आहे. खोका, बाटली, डबा या वस्तू अन्नापासून वेगळ्या करता येतात. त्या वितळवून अथवा भिजवून त्यांच्यापासून पुन्हा नव्या वस्तू करता येतात. चांगली बाटली खतात घालून तिचा कर्बवायू करणे म्हणजे उपयोगी माल उधळणे होय. शिवाय कुजणारे प्लॅस्टिक चुकून नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये वितळवले गेले, तर तो घाणा बिघडतो. चहाची पुडी मात्र चोथ्यासकट फेकली जाते आणि चिठ्ठी सालीसकट. ज्या वस्तू अन्नाला धरूनच कचऱ्यात जातात, त्यांनीच अन्नाबरोबर कुजावे, असा हा हिशेब आहे. पुष्कळ कागदी दिसणाऱ्या चहाच्या पुड्यांच्या कडा चिकटविण्यासाठी प्लॅस्टिकचे तंतू वापरलेले असतात, म्हणून त्यांचाही येथे समावेश झाला.

लाकूड, कापूस, ताग, कागदाचा लगदा यांवर रासायनिक संस्कार झालेला नसेल, तर युरोपचे प्रमाण त्यांना कर्ब मोजण्याची परीक्षा माफ करते. आपली पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ याच जातकुळीतली. बाजारात हल्ली मिळणाऱ्या काही पत्रावळींवर मात्र प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा चिकटविलेला असतो. वरून पान दिसते म्हणून ती कुजेल, असे कोणी समजू नये.

रत्नागिरी-देवगडचा हापूस आणि सोलापूरकडील डाळिंब युरोपात जातात. त्या फळांवर चिठ्ठी असेल, तर तिलाही हाच नियम लागू आहे. फळ कोणत्या देशात पिकले, याची सवलत नाही. बागाईतदाराला किंवा माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला केवळ कुजणारा कागद घेऊन भागत नाही. चिठ्ठी म्हणजे पापुद्रा, शाई आणि डिंक हे तिन्ही मिळून. पापुद्रा उत्तीर्ण झाला आणि डिंक नापास झाला, तर चिठ्ठी नापासच. तिची जाडीही परीक्षेच्या वेळी होती त्याहून वाढविता येत नाही. त्यातच डिंकाने दमट हवा, शीतगृहातील गारठा आणि विमानाचा प्रवास सोसून फळाला धरून राहावे, आणि ढिगात पडताच सोडून द्यावे, अशी परस्परविरोधी अपेक्षा आहे. हे साधणे लहान व्यापाऱ्याला स्वस्त पडत नाही. युरोपातील काही व्यापाऱ्यांनी म्हणून चिठ्ठीलाच रजा दिली असून ते लेसरच्या किरणांनी फळाच्या सालीवर अक्षरे उमटवितात. काही जण चिठ्ठी फळावर न लावता खोक्यावर लावतात.

जे चिठ्ठी ठेवतील, त्यांना दिवस मोजावे लागतील. कर्ब मोजण्यासाठी सहा महिने लागू शकतात; रोपांची परीक्षा खत तयार झाल्यावरच सुरू होते; मग प्रमाणपत्र, मग छपाई. एखादा डिंक नापास झाला, तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. १२ फेब्रुवारी २०२८ हा दिवस ऐन मोहोर सरून हापूसची पहिली फळे बाजाराची वाट धरतात, त्या सुमाराचा आहे. त्या हंगामातील आंब्यावर लागणारी चिठ्ठी २०२७ च्या पावसाळ्यापूर्वीच प्रयोगशाळेतील पात्रात जाऊन पडली पाहिजे.