घेवड्याच्या रश्शात बुडवलेली तोर्तिया

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या न्याहारीतला एक पदार्थ म्हणजे एन्फ्रिहोलादा. मक्याची मऊ तोर्तिया काळ्या घेवड्याच्या दाट, गरम रश्शात बुडवायची, घडी घालून ताटलीत ठेवायची आणि वर चुरलेलं ताजं चीज, कच्च्या कांद्याच्या चकत्या, पार्सलीची पानं घालायची. हीच तोर्तिया मिरचीच्या रश्शात बुडवली की एन्चिलादा, टोमॅटोच्या रश्शात बुडवली की एन्तोमातादा.

आपल्या शहरांत मेक्सिकन म्हणून जे वाढलं जातं ते बहुतेक वेळा मैद्याची तोर्तिया, ढोबळी मिरची, स्वीट कॉर्न आणि भरपूर वितळलेलं चीज असं असतं. गव्हाची तोर्तिया उत्तर मेक्सिकोतली. नाचोज तर १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात जन्मले. हे पदार्थ चविष्ट आहेतच, पण त्यांत घेवड्याची चव चीजखाली हरवते. एन्फ्रिहोलादामध्ये सगळा भार घेवड्यावर असतो. म्हणून शाकाहारी घरात मेक्सिकन स्वयंपाकाची सुरुवात याच पदार्थाने करावी, असं माझं ठाम मत आहे. यात मांसाची जागा भरून काढायला काही शोधावं लागत नाही.

मका आणि घेवडा ही जोडी तिथे शेतातच जुळते. मिल्पा या पारंपरिक शेतीपद्धतीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची रुंद पानं ओल टिकवतात आणि तण दाबतात. ताटातही तेच. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि घेवड्यात भरपूर; घेवड्यात कमी असलेलं मेथिओनिन मका पुरवतो. वाहाकातल्या मित्लाजवळच्या गिला नाकित्स गुहेत मक्याची सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची कणसं सापडली आहेत. घेवडा परतायला वापरतात ती डुकराची चरबी तिथल्या स्वयंपाकात आली ती त्यानंतर खूप उशिरा, सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर.

घेवडा आपल्यालाही परका नाही. राजमा, फरसबी आणि मेक्सिकोचा काळा घेवडा या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तोही याच कुळातला. काळा राजमा मिळाला तर उत्तम, कारण वाहाकाचा रस्सा काळाच असतो. नाही मिळाला तर चित्रा राजमा किंवा वाघ्या घेवडा घ्यावा; मेक्सिकोतही उत्तरेकडे ठिपक्यांचा तपकिरी घेवडाच खातात.

चार माणसांना २५० ग्रॅम घेवडा पुरतो. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं आणि नव्या पाण्यात अर्धा कांदा, लसणाच्या तीन-चार पाकळ्या घालून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावा. इथे घाई करू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळत्या उकळीला किमान दहा मिनिटं शिजल्यावरच निष्प्रभ होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट शिजवणं म्हणूनच धोक्याचं. कुकरला ही अडचण नाही. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. अडथळा येतो तो आंबटामुळे, तेव्हा टोमॅटो किंवा लिंबू शिजताना घालू नये. शिजवलेलं पाणी जपून ठेवायचं, रश्शाचा निम्मा स्वाद त्यातच असतो.

आता तोर्तिया. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण मक्याचं साधं पीठ घेऊन ती थापायला गेलं की काठ फाटतात आणि घडी घालताच तुकडे पडतात. दोष हाताचा नसतो. मेक्सिकोत मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुन्यामुळे दाण्याचं टरफल सुटतं, त्यातले चिकट घटक मोकळे होतात, स्टार्च थोडा फुलतो आणि पिठाचा गोळा लवचीक होतो. या प्रक्रियेला निक्स्तामाल करणं म्हणतात आणि मेक्सिकोच्या सगळ्या स्वयंपाकातलं हे मला सर्वांत थोर ज्ञान वाटतं. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की शरीराला ते मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. मका युरोपात गेला तो ही रीत मागे ठेवून. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कातडी सोलवटणारा, बुद्धी भ्रमिष्ट करणारा रोग झाला. स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने १७३५मध्ये त्याची लक्षणं नोंदवली, पण खरं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. मेक्सिकोतल्या बायका तो रोग रोज स्वयंपाकघरातच टाळत होत्या.

घरी करायला हे अवघड नाही. २५० ग्रॅम वाळलेला मका घ्या, पांढरा असल्यास उत्तम. स्वीट कॉर्न अजिबात चालणार नाही. चुना मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का लागतो. पानाचा ओला चुना वापरायचा तर एक छोटा सपाट चमचा, आणि तो सुगंध किंवा इतर काही न मिसळलेला, खाण्याचाच हवा. तो एक लिटर पाण्यात विरघळवा. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. मका मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळा, मग झाकून रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सरकली पाहिजे. दोन-तीन पाण्यांनी धुवा, पण साल पूर्ण काढू नका. थोडी राहिलेली पीठ बांधून ठेवते.

मेक्सिकोत हा मका मेताते नावाच्या उतरत्या दगडावर वाटत. आपल्या पाट्या-वरवंट्यासारखंच ते काम, आणि घरात पाटा असेल तर त्याहून चांगलं साधन नाही. मिक्सरला पाणी जास्त लागतं. गोळा सैल झाला तर तयार मासा हारिना मिसळावी. हे निक्स्तामाल केलेल्या मक्याचं वाळवलेलं पीठ. सगळी खटपट नको असेल तर नुसती हीच कोमट पाण्यात भिजवून, वीस मिनिटं झाकून ठेवली तरी चालते. पाकिटावर नाव नीट वाचून घ्या. साधं मक्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर म्हणजे मासा हारिना नाही.

लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवून जड, सपाट बुडाच्या भांड्याने दाबा. तवा चांगला तापलेला हवा आणि तेल नको. पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, परत उलटली की ती फुगते. लगेच फडक्यात गुंडाळा. तोर्तिया वाफेत मऊ होतात, म्हणून त्या रश्शाआधी करून ठेवाव्यात. आदल्या दिवशीच्या तोर्तिया रश्शात जास्त टिकतात.

रश्शासाठी एक-दोन सुक्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. वाहाकात धुरावलेली पासिया मिरची वापरतात. आपली ब्याडगी रंग देते, धुराचा वास देत नाही. तिथे घेवड्यात ॲव्होकॅडोचं भाजलेलं पानही घालतात, त्याला बडीशेपेसारखा गंध असतो. तो गंध मेक्सिकोच्या मूळ जातीच्या पानालाच असतो, म्हणून दिसेल त्या झाडाचं पान तोडू नये. चिमूटभर भाजलेली बडीशेप आणि एक तमालपत्र पुरे. तमालपत्र बाजूला ठेवून घेवडा, त्याचं पाणी, मिरच्या, बडीशेप बारीक वाटा. दोन चमचे गरम तेलात तमालपत्र टाकून त्यावर हे वाटण ओता, मीठ घाला आणि आठ-दहा मिनिटं उकळा. चमच्याच्या पाठीला थर बसेल इतकाच दाटपणा हवा. रस्सा गार होताना घट्ट होतो, त्यामुळे गरम पाणी हाताशी असू द्या.

मग माणसं ताटावर बसल्यावरच पुढचं काम. तोर्तिया थेंबभर तेलात दोन्हीकडून मऊ करा, रश्शात बुडवा, दुमडा, ताटलीत तीन ठेवा, वर आणखी रस्सा ओता. केसो फ्रेस्को या ताज्या चीजऐवजी मीठ आणि लिंबाचे थेंब लावून कुस्करलेलं पनीर घ्या. ते अगदी जवळचं आहे आणि रेनेटचा, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या विरजणाचा, प्रश्नही सुटतो, कारण मेक्सिकन चीज बहुधा त्यानेच लावतात. शाकाहारी प्रवाशांनी मेक्सिकोत घेवडा मागतानाही तो चरबीत परतलेला नाही ना, हे विचारावं. वर पाण्यात बुडवून काढलेला कांदा, पार्सली किंवा कोथिंबीर, हवं तर चक्का पातळ करून चमचाभर.

किसलेलं प्रोसेस्ड चीज मात्र कृपया घालू नका. रात्रभर भिजवलेल्या घेवड्याची ती मातकट, गोडसर चव त्याखाली पुन्हा नाहीशी होईल. रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी पाणी घालून सूप होतं, आणि उरलेल्या तोर्तियांचे तुकडे वाळवून तळले की त्याबरोबर खायला कुरकुरीत तोतोपो.