भुशातला नाग

पोळा तोंडावर आलाय आणि पवनीतल्या या कुंभाराच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. पावसानं अंगणाचा चिखल केलाय, म्हणून मातीचे बैल पडवीत, खाटेखाली, चुलीपाशी, जिथं कोरडं मिळेल तिथं सुकायला ठेवलेत. मागच्या टिनाच्या छपराखाली मोठी आई आवा उकलतायत. आधी राख, मग खापऱ्या, मग जळकं तणस, आणि त्याखाली लालभडक, अजून कोमट बैल. एक हातात येताच त्या तोंड वाकडं करतात. वशिंडापासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट.

“धूर कोंडला का असाच होते जी. आता याले कोन घेते?”

बैल बाजूच्या टोपल्यात जातो. आणि तिथंच, छपराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचा पुतण्या हाच धूर मुद्दाम कोंडायची तयारी करतोय.

त्याची भट्टी म्हणजे तेलाचं कापलेलं पिंप. आतून सिरॅमिक वूलचं अस्तर, बुडाशी गॅसचा बर्नर. नागपुरात शिल्पकला शिकताना त्याला राकू या भाजणीचा नाद लागला. झाकणाच्या भोकातून तो मलाही आत बघायला लावतो. भगव्या उजेडात नागाचा फणा दिसतो. त्यावरची झिलई आधी बुडबुडते, मग बसते आणि ओली असल्यासारखी चमकायला लागते. आत हजार अंशांच्या आसपास ताप आहे. मोठ्या आईंचा आवा एवढा चढत नाही.

गॅस बंद. झाकण बाजूला. लांब सांडशीनं तो धगधगता नाग उचलून उघड्यावर आणतो. भाजलेला माल आव्यातच निवू द्यावा, हे कुंभाराचं लेकरूही जाणतं. “फुटते आता,” म्हणून मोठी आई मोकळ्या होतात. फुटत नाही. मातीत भाजक्या खापरांची भरड भरपूर घातलीय, ती हा झटका सोसते. नाग राईस मिलच्या भुशानं भरलेल्या डब्यात जातो. भपकन जाळ उठतो, वरून आणखी चार मुठी भुसा, झाकण, कडेनं ओलं पोतं. आत कोंडलेली आग हवेसाठी वखवखते आणि झिलईतल्या तांब्याच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढून घेते. उघड्या मातीत काजळी मुरते. पिवळट धूर पोत्याखालून निसटतो तो थेट आमच्या डोळ्यांत.

राकू मूळचं क्योटोचं. 16व्या शतकात चोजिरो या कारागिरानं चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चाकाविना, हातानंच वाडगे घडवले, काळे आणि लाल. काळे वाडगे तापलेले असतानाच भट्टीबाहेर काढत. भुशापाल्यात कोंडायची रीत मात्र पुष्कळ नंतरची, 1960च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर यांनी रुळवलेली. म्हणजे हा डबा जपानी कमी, अमेरिकन जास्त. मी तसं म्हणतो तर पोरगा हसतो आणि जगन्नाथ टेकडीच्या दिशेनं बोट करतो. “आपला हाय न जी!”

त्या टेकडीवर 1969-70मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी खोदकाम केलं. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी त्याचे प्रमुख. स्तूप निघाला. पवनीच्या शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे. पोराचा नाग तिथूनच आलाय. खापरांत काळी-तांबडीही निघाली, आतून काळी, बाहेरून तांबडी. अशी भांडी पालथी घालून भाजत असावेत, आत हवा पोचत नसे म्हणून आतली बाजू काळी राही, असा अभ्यासकांचा कयास. त्यांवर राकूची झिलई नव्हती, तेव्हा पोराचा दावा ताणलेलाच. पण धुराला कामाला लावण्याची अक्कल वैनगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वीही होती, हे मात्र मला कबूल. मोठ्या आईंच्या टोपल्यातला तो बैल म्हणूनच मी विकत मागतो. त्या माझ्याकडे संशयानं बघतात आणि निम्मीच किंमत सांगतात.

डबा उघडतो. नाग पाण्यात बुडवून पोरगा तारेच्या ब्रशनं घासायला लागतो. काजळी सुटते तशी पांढरी झिलई उघडी पडते आणि तिच्यावर तडांचं बारीक काळं जाळं. फण्यावर खवले त्यानं कोरलेच नव्हते. ते या तडांनी पुरवलेत. गळ्याशी तांब्याची झाक आहे, कलली की निळी होते.

दुसऱ्या डब्यातल्या बैलाचं शिंग मात्र बुडापासून गेलंय. मोठी आई तुकडा उचलतात, तुटल्या जागी नख फिरवतात.

“जोड देतानी माती सुकली होती बाबू. अन् लीद टाकलीच नाई तू.”

“लीद जळून जाते, मोठी आई. भरड वाढवतो.”

“भरड वाढवशीन तं शिंग वळते का? वळवताच चिरते.”

तो कोपऱ्यातलं मातीचं पोतं ओढून आणतो. त्या बाही सारतात, चिमूटभर माती बोटांत चोळतात आणि थेट नदीतल्या वाळूवरून त्याला बोलायला लागतात.