जाळीकामाची लाकडी पेटी

सावंतवाडीच्या गंजिफांचा संच रंगीत लाकडी पेटीत ठेवण्याची प्रथा आहे. जपून ठेवावयाच्या वस्तूस साजेशी पेटी करण्याचे कौशल्य शाळेच्या कार्यशाळेतही शिकविता येते. सुतारकामातून उरलेले लहान तुकडे त्यासाठी पुरेसे होतात.

चार बाजूंसाठी सागाच्या ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या व झाकणासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. प्लायवूडच्या लागोपाठच्या थरांतील तंतू एकमेकांस आडवे असल्याने नाजूक नक्षी सहसा तडकत नाही.

नक्षीचा कागद चिकटवून, कापून काढावयाच्या प्रत्येक भागात गिरमिटाने छिद्र पाडावे. करवतीचे पाते एका टोकाकडून सोडवून छिद्रातून ओवावे व पुन्हा ताणून बसवावे. दाते खालच्या दिशेस असावेत. आतील भाग प्रथम व बाह्यरेषा शेवटी कापावी. अन्यथा लाकूड धरावयास जागा उरत नाही व जाळी तुटते. वळणावर लाकूड फिरवावे, पाते पिळू नये. यंत्रकरवत वापरताना संरक्षक चष्मा व मुखपट्टी आवश्यक आहे. बारीक भुसा फुप्फुसांना अपायकारक असतो.

प्लॅस्टिकच्या डब्यांशी किमतीत स्पर्धा करणे ग्रामीण सुतारास अवघड आहे, कारण या पेटीचे मोल लाकडापेक्षा श्रमात अधिक आहे. शाळा व ग्रामपंचायतींनी सत्कारप्रसंगी अशी पेटी भेट दिल्यास त्या श्रमास गावातच गिऱ्हाईक मिळेल.