खाणकामगाराचे फुप्फुस

बेंगळूरच्या दक्षिणेस, होसूर मार्गावरील बोम्मसंद्रा येथे आज अद्ययावत उपचारांची सोय आहे. परंतु दगडाच्या धुळीने निबर झालेले फुप्फुस तेथेही पूर्ववत् करता येत नाही. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. म्हणूनच खाणकामगाराचे खरे संरक्षण रुग्णालयात नव्हे, खाणीच्या तोंडाशीच व्हावे लागते.

याचा धडा बेंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या सोन्याच्या खाणींत मिळाला. तेथील सोने गारगोटीच्या शिरांत असे. गारगोटी म्हणजे बहुतांशी सिलिकाच. ती फोडताना उडणारे पाच मायक्रॉनहून लहान कण डोळ्यांस दिसत नाहीत, नाकातही अडत नाहीत. ते थेट वायुकोशांत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या रक्षक पेशी स्वतःच मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय गाठी धरतात. 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाने या रोगाविषयी नियम केले. 1940 ते 1946 या काळात साडेसात हजारांहून अधिक कामगार तपासले गेले. त्यांपैकी शेकडा सुमारे 44 जणांस हा रोग जडलेला आढळला! भारतातील सिलिकोसिसचे पहिले मोठे वृत्त ते हेच.

हा रोग पुष्कळदा दहा-वीस वर्षे मुकाट राहतो. धाप लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. यासाठी कामावर घेतानाच छातीचे क्ष-किरण चित्र काढावयाचे, पुढे ठराविक काळाने पुन्हा काढून पहिल्याशी ताडून पाहावयाचे. श्वासमापकात फुंकर मारवून फुप्फुसाची शक्ती मोजावयाची. छाया दिसताच कामगारास धुळीपासून दूर हलवावे लागते. क्षयाची तपासणीही हवीच, कारण सिलिकाग्रस्त फुप्फुसात क्षय सहज शिरतो. अर्थात् तपासणीने धूळ कमी होत नाही. त्यासाठी पाणी सोडून छिद्रे पाडणे आणि वायुवीजन हे उपाय आधी. तोंडावरचा मुखवटा शेवटी.

1952 च्या खाण कायद्यान्वये सिलिकोसिसची सूचना देणे बंधनकारक झाले. 1990 मध्ये खाणकामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढे तिचे कार्य नागपुरातून चाले. भंडाऱ्याचे मँगनीज व चंद्रपूरचा कोळसा तेथून जवळ. 2019 मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला.

कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद पडल्या. परंतु धुळीचे काम सुटल्यावरही हा रोग वाढू शकतो. निवृत्त कामगाराची तपासणी म्हणूनच चालू ठेवावी लागते. दगडखाणींतील कंत्राटी मजुराची अडचण निराळीच आहे: तो मालक बदलत राहतो, आणि ताडून पाहावयास त्याचे पहिले चित्रच नसते.