लिनक्स प्रणालीची दुरुस्ती, पॅकेजांद्वारे

लिनक्स परिचालन प्रणालीत बिघाड झाला असता ती संपूर्ण पुसून नव्याने न बसविता, तिच्यातील पॅकेज-व्यवस्थापकाच्या नोंदींच्या आधारे पूर्ववत करण्याची पद्धत. येथे डेबियन (स्थापना १९९३) या प्रणालीचा विचार केला आहे. तिच्यापासून निघालेल्या उबुंटूतही हीच साधने वापरतात.

कार्यक्रमाच्या फाइली, त्याला लागणाऱ्या अन्य पॅकेजांची यादी व बसविताना पाळावयाच्या सूचना यांच्या एकत्रित संग्रहास पॅकेज म्हणतात. ‘डीपीकेजी’ हा कार्यक्रम पॅकेज आधी उलगडतो व नंतर त्याचा विन्यास करतो. कोणते पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे, हे तो साध्या मजकुराच्या एका फाइलीत नोंदवितो. दुरुस्तीची सारी भिस्त या नोंदवहीवर असते. ‘ॲप्ट’ हा डीपीकेजीवरचा थर असून तो परस्परावलंबन ताडून पॅकेजे भांडारातून आणतो.

अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली किंवा डिस्क भरली, तर काही पॅकेजे उलगडलेली परंतु विन्यास न झालेली राहतात. अशा वेळी डीपीकेजीच्या ‘ऑडिट’ पर्यायाने अर्धवट पॅकेजे पहावीत, ‘कॉन्फिगर’ पर्यायाने राहिलेले विन्यास पुरे करावेत व त्यानंतर ॲप्टकडून तुटलेली अवलंबने जुळवून घ्यावीत. या टप्प्यावर ॲप्ट काढून टाकावयाच्या पॅकेजांची यादी दाखवून संमती मागतो. ती न वाचता होकार दिल्यास किरकोळ बिघाडापायी सबंध डेस्कटॉप निघून जाऊ शकतो. ‘फोर्स’ पर्यायांनी त्रुटी दडपणे त्याहून घातक होय. कारण मग नोंद व वस्तुस्थिती यांचा मेळ राहत नाही.

फाइली बिघडल्याचा संशय असल्यास ‘व्हेरिफाय’ पर्यायाने त्यांची एमडी५ बेरीज नोंदीशी ताडता येते व दोषी पॅकेज पुन्हा बसविता येते. मात्र पुसली गेलेली विन्यास-फाइल एवढ्याने परत येत नाही. ती व्यवस्थापकाने हेतुतः पुसली असे डीपीकेजी मानतो. तेथे ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यावा लागतो व या ठिकाणी तो रास्तच आहे.

प्रणाली सुरूच होत नसल्यास यूएसबीवरील लिनक्सने संगणक चालू करून बिघडलेले विभाजन जोडतात आणि ‘सीएचरूट’ आज्ञेने त्यात शिरून वरील क्रिया करतात. नोंदवहीच नष्ट झाली, तर ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘बॅकअप्स’मध्ये तिच्या अलीकडील प्रती बहुधा सापडतात. घुसखोराने फेरफार केले असल्यास मात्र नोंदींवरही विसंबता येत नाही. तेव्हा प्रणाली नव्यानेच बसवावी लागते.